गटात जाऊन तो आणखी खचणार तर नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा भाऊ बावीस वर्षांचा. पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मागच्या वर्षी सबमिशनच्या धामधुमीत आठवडाभर जवळजवळ झोपलाच नाही. मग आपल्यावर काहीतरी खास कामगिरी सोपवली आहे असं बोलायला लागला, पैसे वाटायला लागला. मित्रांनी घरी कळवलं आणि त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. निदान बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. आता साताऱ्याला घरी आहे. गोळ्या चालू आहेत, झोप जागेवर आली आहे, पण दिवसभर खोलीत पडून असतो आणि जुन्या मित्रांचे फोन उचलत नाही. डॉक्टरांनी एका स्वमदत गटाचं, म्हणजे सारखाच त्रास असलेली माणसं एकत्र बसून एकमेकांना आधार देतात अशा गटाचं, नाव सुचवलं आहे. आईचं म्हणणं, "तिथे याच्याहून जास्त आजारी माणसं बघून हा आणखी खचेल. आणि ज्याला स्वतःलाच त्रास आहे तो दुसऱ्याला काय सावरणार?"

ताई, पाठवा. पण दिसेल त्या गटात पाठवू नका. मी मनोरुग्णांसोबत काम करणारी समाजकार्यकर्ती आहे, तरुण मुलांचे असे गट बरीच वर्षं चालवते आहे, आणि तुमच्या आईची भीती मला अर्धी खरी वाटते.

खरी अर्धी भीती आधी घेऊ. महाराष्ट्रात मानसिक आजारांचे स्वमदत गट बरेचसे पालकांच्या आणि डॉक्टरांच्या पुढाकारातून उभे राहिले. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन असो किंवा ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, या संस्थांनी शुभार्थी (आजार असलेली माणसं) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे घरचे) दोघांनाही हक्काची जागा दिली, तीही 'घरात वेडा आहे' हे शेजाऱ्यालाही कळू न देण्याच्या काळात. पण दीर्घकाळ चालणाऱ्या गटाचं एक होतं. त्यात वीस-वीस वर्षं आजार असलेली, चाळिशी-पन्नाशीची माणसं जास्त असतात. त्यांच्या बोलण्यात अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आई-वडिलांच्या पश्चात आपलं काय, घर कोणाच्या नावावर, हे विषय येतात. येणारच, त्यांचं जगणं तेच आहे. बावीस वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी तिथे जाऊन बसला की त्याला वाटतं, वीस वर्षांनी मी असा दिसणार. घरी जाऊन तो सांगतो, "तिथे सगळे म्हातारे आहेत," आणि पुन्हा जात नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही मी पाहिली आहे. कार्यक्रमात एखादा 'पूर्ण बरा झालेला' माणूस व्यासपीठावर आणतात. आजारावर मात केली, आता मोठ्या कंपनीत आहे, मॅरेथॉन पळतो. टाळ्या पडतात. आणि जो मुलगा सकाळी अकरापर्यंत उठू शकत नाही, दात घासायलाही ज्याला जोर लावावा लागतो, तो मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हणतो, हा कुठे आणि मी कुठे.

माझ्या अनुभवात उपयोग होतो तो दोन पावलं पुढे असलेल्या माणसाचा. वर्ष-दीड वर्षापूर्वी जो याच जागी होता, ज्याची एक एटीकेटी, म्हणजे मागचा राहिलेला विषय, अजून सुटायची आहे, जो अजून रात्रीची गोळी घेतो आणि त्याबद्दल कुरकुरही करतो, पण लेक्चरला जातो. त्याचं अंतर गाठता येण्यासारखं दिसतं. डॉक्टर आणि मी कितीही समजावलं तरी आम्ही काठावरून बोलतो. त्यामुळे गट निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, माझ्या भावाच्या वयाची, साधारण अठरा ते तीस या टप्प्यातली किती मुलं तिथे नियमित येतात? मोठ्या मानसिक आजारांची सुरुवात बऱ्याचदा तरुण वयातच होते, म्हणजे अशी मुलं काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक कमी ठिकाणी होते, एवढंच.

आता आईचा दुसरा प्रश्न, त्रास असलेला माणूस काय सावरणार. इथे तिची कल्पना अशी दिसते की गटात कोणीतरी कोणावर उपचार करतं. तसं काही नसतं. समुपदेशनही नसतं. मग काय असतं, ते एका बैठकीवरूनच सांगते. तपशील थोडे बदलले आहेत, नावं नाहीत.

आठ-नऊ मुलं-मुली, शनिवारची दुपार, चहा आणि पार्ले-जी. त्या दिवशी एक फार्मसीची मुलगी म्हणाली, सोमवारपासून कॉलेज, सगळे विचारणार चार महिने कुठे होतीस, काय सांगू? मी गप्प बसले, कारण या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर पुस्तकी आहे. एक जण म्हणाला, "कावीळ सांग, मी तेच सांगितलं होतं." दुसरा लगेच, "अजिबात नको. मी कावीळ सांगितली तर अख्खं मेस मला तेलकट खाऊ नको म्हणून मागे लागलं. एकाची आई तर गावठी औषध घेऊन आली." हशा. मग हळूहळू कामाचं बोलणं निघालं. एकीने सांगितलं, ती तीन वाक्यं पाठ करून गेली होती: तब्येत बिघडली होती, उपचार चालू आहेत, आता बरं वाटतंय. आणि चौथा प्रश्न आला की विषय बदलायचा, "जर्नल कोणाचं पूर्ण आहे?" खरं कोणाला सांगायचं यावरही वाद झाला. शेवटी बहुतेकांचं मत पडलं की रूममेटला सांगावं, कारण झोप बिघडलेली पहिल्यांदा त्यालाच दिसते. वर्गाला सांगायची गरज नाही. सरांपैकी एकाला सांगावं, ते कोण हे ज्याने त्याने ठरवावं. त्या मुलीने फोनमध्ये तीन वाक्यं लिहून घेतली आणि तिथेच दोनदा म्हणून पाहिली. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला, दुसऱ्यांदा कमी कापला.

हे काम कुठलाही डॉक्टर करू शकत नाही. ओपीडीत त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो आणि वेळ असला तरी हे त्याने भोगलेलं नसतं.

असेच इतर विषय निघतात. रात्री दोनला उठून डब्यातल्या सगळ्या पोळ्या संपवणारा मुलगा स्वतःला खादाड समजत होता. ऑलान्झापिन या गोळीने अशी भूक लागते हे त्याला गटात कळलं. डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पण भरतीच्या दिवसांत सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्याचा हात थरथरतो आणि चहाचा कप धरायची लाज वाटते, हे दुसऱ्या लिथियमवाल्याला सांगावं लागत नाही. सकाळच्या लेक्चरला उठता येत नाही ही तर प्रत्येकाची तक्रार. अशा वेळी कोणीतरी सांगतं की मी डॉक्टरांना विचारून गोळी अकराऐवजी साडेआठला घ्यायला लागलो. 'डॉक्टरांना विचारून' हे दोन शब्द आमच्याकडे सक्तीचे आहेत.

यावरून पथ्यांकडे येते. गट चांगला की वाईट हे पथ्यांवरून कळतं, भिंतीवरच्या सुविचारांवरून नाही.

औषधाचा अनुभव सांगायचा, मात्रा सांगायची नाही. "मी बंद केली, मला काही झालं नाही" हे वाक्य कोणी उच्चारलं तर संचालकाने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, तिथल्या तिथे थांबवायला हवं. लिथियम एकदम बंद केल्यावर आजार उसळून येण्याची शक्यता मोठी असते, आणि ते घेताना रक्तातली पातळी अधूनमधून तपासावी लागते. हा गप्पांवर सोडायचा विषय नाही. ज्या गटात औषधांविरुद्ध प्रचार चालतो, किंवा अमुक आसन, तमुक काढा, अमुक महाराज यांची शिफारस होते, तिथून भावाला उठवून आणा.

दुसरं पथ्य जास्त नाजूक आहे. गटातल्या काही मुलांनी जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. त्यावर बोलायला बंदी नसते, उलट हीच एक जागा असते जिथे बोलल्यावर समोरचा दचकत नाही. पण कसं केलं याचा तपशील सांगायचा नाही. त्याआधी काय वाटत होतं, कोणामुळे थांबलो, नंतर घरच्यांना तोंड कसं दिलं, हे बोलायचं. आणि एखाद्याने आज, आत्ता तसे विचार येतात असं सांगितलं तर ते गटात गुपित राहत नाही. हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगितलेलं असतं. त्या मुलाला एकटं न सोडता घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं, आणि ते कळवायचं काम गटातल्या दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर टाकायचं नाही, प्रशिक्षित संचालकाने करायचं. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तो सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवतो. तुम्हीही घाला. दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरचे मात्र नेमके तेव्हाच निर्धास्त होतात, कारण 'आता घरी आला ना'.

पूर्वी असा प्रयत्न केलेल्याला पोलिसांची भीती असायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ते चित्र बदललं. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा नव्हे, काळजी द्यायची, असं कलम ११५ सांगतं. गटात अजूनही हे नव्याने कळणारी मुलं येतात. त्याच कायद्यात आणखी एक हक्क आहे, तुमच्या भावाच्या उपयोगाचा. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुढे कधी तब्येत बिघडली तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. रीतसर नोंद करायची पद्धत वेगळी आहे. आमची मुलं आधी साध्या वहीच्या पानावर लिहितात: सलग तीन रात्री चार तासांहून कमी झोपलो तर ताईने डॉक्टरांना फोन करावा, मी कितीही 'मस्त वाटतंय' म्हटलं तरी. एटीएम कार्ड तिच्याकडे द्यावं. बाबांनी त्या दिवसांत माझ्याशी वाद घालू नये. हे घरच्यांनी लिहिलं असतं तर मुलाने फाडलं असतं. गटात तीन जणांनी आपापलं पान वाचून दाखवल्यावर चौथा स्वतःहून लिहितो.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असं तुमचे वडील विचारतील (वडील बहुधा हेच विचारतात). इंग्लंडमध्ये मानसिक संकटातून नुकत्याच बाहेर आलेल्या ४४१ जणांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्ध्या लोकांना सावरण्याची कार्यपुस्तिका फक्त पोस्टाने पाठवली. उरलेल्यांना तीच पुस्तिका हातात घेऊन, स्वतः आजारातून गेलेला सोबती जास्तीत जास्त दहा वेळा भेटला. वर्षभरात पुन्हा तातडीच्या मानसोपचारांची वेळ पहिल्या गटात ३८ टक्क्यांवर आली, दुसऱ्यात २९ टक्क्यांवर. फरक मोठा आहे. पण अर्धवट सांगणं मला आवडत नाही. तिथेच, वॉर्डमधून घरी जाणाऱ्या जास्त लोकांवर झालेल्या पुढच्या अभ्यासात, २०२२ मध्ये, पुन्हा भरती होण्याचं प्रमाण एकूणात कमी झालं नाही. मी यातून एवढंच घेते की नुसता सोबती दिला म्हणजे काम झालं असं नाही. काय करायचं हे ठरलेलं असेल, हातात पुस्तिका, वही, आजार परतत असल्याच्या खुणांची यादी असं काहीतरी असेल, तर निभाव लागण्याची शक्यता जास्त. नुसत्या गप्पांचे गट चार महिन्यांत विरतात, हे मी पुण्यातही पाहिलं आहे.

आपल्याकडे हे अगदी नवं आहे असंही नाही. व्यसनमुक्तीत महाराष्ट्राने ही वाट कधीच चोखाळली. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं, आणि तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक, कार्यकर्ते झाली. दारू सुटलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याशी बोलतो यात कोणाला वावगं वाटत नाही. मग मॅनियातून (अति उत्साहाच्या झटक्यातून) किंवा सायकोसिसमधून (वास्तवाचं भान सुटलेल्या अवस्थेतून) उठलेल्या माणसाबद्दलच का वाटतं? आपण त्याला 'डोकं फिरलेला' समजतो आणि डोकं एकदा फिरलं की त्याच्या शब्दाला किंमत नाही असं मानतो, म्हणून. अहमदाबादच्या सरकारी मनोरुग्णालयातही सावरलेल्या रुग्णांना सोबती म्हणून घेण्याचा प्रयोग झाला, त्यामागे पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधलं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र होतं. म्हणजे माहिती पुण्यात आहे, माणसं पुण्यात आहेत. सरकारी दवाखान्यांत अशा सोबत्यांना पगारी जागा मिळत नाहीत, ही माझी कायमची तक्रार. फुकट राबवून घेतलेला सोबती सहा महिन्यांत थकतो, आणि थकलेला सोबती स्वतः आजारी पडतो. पुढे कधी भावाला कोणी म्हणालं की तूही आता इतरांना मदत कर, तर घाई करू नका. निदान वर्षभर स्वतःची तब्येत स्थिर हवी, प्रशिक्षण हवं, आणि महिन्यातून दोनदा तरी त्याच्याशी बसून 'तुला यातलं काय लागलं' असं विचारणारं वरिष्ठ माणूस हवं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल माझं मत कडक आहे. बैठकीची वेळ, जागा, रजेची सूचना, बस. रात्री साडेबाराला कोणी 'नको झालंय सगळं' लिहितं, पाच मुलं घाबरून जागी राहतात, आणि झोप हेच ज्यांचं औषध त्यांचीच झोप जाते. आमच्याकडे रात्री नऊनंतर ग्रुपवर फक्त संचालक लिहू शकतात. उसने पैसे देऊ नयेत हेही सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. प्रेमात पडू नका असं काही आम्ही सांगत नाही, सांगून कोण ऐकतं.

मुलींचं थोडं वेगळं असतं. मुलगा घरी बसला तर लोक शिक्षणाचं विचारतात, मुलगी बसली तर स्थळाचं. तेवीस वर्षांच्या मुलीला दवाखान्यातून सोडल्यावर महिन्याभरात बघायला पाहुणे येतात, गोळ्यांची पाकिटं माळ्यावर जातात, आणि लग्नाच्या गडबडीत गोळ्या चुकतात. म्हणून गटात निदान तीन-चार मुली असाव्यात. एकटी मुलगी आली तर हे विषय ती काढतच नाही. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असेल.

साताऱ्याहून पुण्याला दर आठवड्याला येणं जड जाईल. पहिल्या दोन-तीन बैठका तरी समोरासमोर होऊ द्या, मग महिन्यातून एकदा यायचं आणि मधल्या बैठका व्हिडिओ कॉलवर, असं बऱ्याच गटांत चालतं. स्वारगेटला एसटीने एकट्याने उतरून रिक्षा करून येणं हेही त्याच्यासाठी काम आहे. त्यातच निम्मा व्यायाम होतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. तिथल्या समाजकार्यकर्त्याला विचारा की सातारा भागातली अशी आणखी मुलं आहेत का. चार मुलं जमली तरी पुरतात, मात्र त्यांच्यामागे एक प्रशिक्षित माणूस हवाच. घरच्या घरी, उत्साहाच्या भरात गट सुरू करू नका.

गटाला फोन कराल तेव्हा वयाचं विचाराच. शिवाय विचारा की बैठक कोण चालवतं, कोणाची तब्येत मध्येच बिघडली तर तुम्ही काय करता, आणि इथलं बोलणं बाहेर जात नाही याची खात्री कशी देता. तब्येत बिघडण्याच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला, किंवा "आमच्याकडे तसं कधी होत नाही" म्हणाला, तर दुसरा गट शोधा. तसं प्रत्येक गटात होतं.

तो नाही म्हणाला तर? बहुतेक मुलं पहिल्यांदा नाहीच म्हणतात. ओढून नेऊ नका, आणि डॉक्टरकडे जाऊ असं खोटं सांगून गटात तर मुळीच नेऊ नका. संचालकांना सांगा की गटातल्या एखाद्या मुलाने त्याला फोन केला तर चालेल का. शक्यतो इंजिनिअरिंगचाच असावा. वायडी बसलेला, म्हणजे वर्ष वाया गेलेला असेल तर उत्तमच, कारण तुमच्या भावाच्या डोक्यात सध्या आजाराइतकंच वर्ष गेल्याचं ओझं असणार, आणि गॅप सर्टिफिकेट कुठून काढायचं, टर्म ग्रँट झालेली नसेल तर पुढे काय, हे त्याला तो मुलगा दहा मिनिटांत सांगू शकतो. पहिला फोन आजारावर न होता परीक्षा फॉर्मवर झाला तरी हरकत नाही. फोनही नको म्हणाला तर महिन्याने पुन्हा विचारा.

आणि आईला त्याच्या गटात बसवू नका. आई खोलीत असली की मुलगा आईकडे बघून बोलतो. बऱ्याच संस्थांत शुभंकरांची बैठक वेगळी, त्याच वेळेला शेजारच्या खोलीत असते. तिथे न्या. तिचा "हा दुसऱ्याला काय सावरणार" हा प्रश्न तिने तिथेच विचारावा. उत्तर द्यायला अशा आया असतील ज्यांनी तो आधी विचारला होता.